आबांच्या खळ्यावरचा सुतार

माझ्या सासऱ्यांना क्रिकेट कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भाजे गावात त्यांना सगळे पिचवाले आबा म्हणतात आणि बाहेरच्या माणसाला वाटतं, म्हातारा तरुणपणी मोठा खेळाडू असणार. कसला खेळाडू. एलबीडब्ल्यू म्हणजे काय असं विचारलं तर ते म्हणतात, "आसंल कायतरी सरकारी." मॅचमध्ये कोण जिंकतंय, कोण हरतंय, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. ते फक्त मधल्या पट्टीकडे बघत बसतात आणि कोणी तिच्यावर पाय आपटला की त्याच्या घराण्याचा उद्धार करतात.

त्यांचं नाव निवृत्ती. वय सत्तरीच्या पुढे. या माणसानं आयुष्यभर मन लावून एकच काम केलं, ते म्हणजे खळं करणं. भात कापून झालं की ते मळायला, झोडायला जमीन लागते, ते खळं. आधी गवत खरडून काढायचं, मुरूम-माती पसरायची, पाणी मारायचं, तुडवायचं, लाकडी चोपण्यानं चोपून चोपून सपाट करायचं आणि वरून शेणानं सारवायचं. भाज्यात खळं करावं तर आबांनी. वाळल्यावर ते त्याच्यावर भाताचा दाणा टाकायचे आणि कान लावून ऐकायचे. आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि एक नियम कडक होता, पायताण घालून खळ्यावर पाऊल टाकायचं नाही. "खळं म्हंजे ताट हाय," असं ते म्हणायचे. "ताटात कोन चपला घालून जातं का?"

मी तळेगावची. माहेरी फरशी पुसायला बाई यायची. लग्न होऊन आले आणि पहिल्याच हंगामात आबांनी मला अनवाणी चिखलात उभं केलं. म्हणाले, "नव्या सुनंचं पाय हलकं आसत्यात. पोपडं न्हाई निघत." हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं देव जाणे. मी संध्याकाळपर्यंत चिखल तुडवला आणि रात्री नवऱ्याला सांगितलं की तुमचे वडील वेडे आहेत. तो म्हणाला, हो. नवरा म्हणजे कैलास. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, इथे म्हणत बसणार नाही.

मग गावात ताडपत्र्या आल्या. त्यामागून मळणीचं यंत्र आलं. खळ्याचं कोणी नाव काढेना, आणि आबांचे हात रिकामे झाले. रिकामा बसलेला आबा फार धोकादायक. त्यांनी आधी गोठा सारवला, मग कैलासची बाइक लावायची जागा सारवली, मग देवळामागचा कट्टा. एके दिवशी कोणाला न विचारता स्टेशनच्या रस्त्यावरचा रिक्षा थांबा सारवून आले. तो वाळायच्या आत शेजारच्या शालूबाई तिथे घसरून बसल्या, त्या उशी घेतल्याशिवाय पुढे कित्येक दिवस बसू शकत नव्हत्या. तेव्हा माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, कैलासला म्हणाल्या, "तुझ्या बापाला कुटंतरी खळं दे बाबा. न्हाईतर आता मला सारवत्याल."

कैलास तळेगावला कंपनीत आहे, आणि कंपनी सोडून उरलेला सगळा जीव क्रिकेटमध्ये. आमच्या गावच्या टीमचा तो कॅप्टन. विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला गवताचा मोठा माळ आहे, तिथे हिवाळ्यात टेनिस बॉलच्या टूर्नामेंट होतात. त्यानं आबांना तिथे नेलं आणि पिच करायला सांगितलं.

आबांनी पट्टी बघितली आणि म्हणाले, "रुंदीला लय कमी हाय." मग स्टंप बघितले. खळ्याच्या मधोमध एक मेढ रोवतात, तिच्याभोवती बैल फिरतात. "हितं तर दोनी टोकाला तीन-तीन मेढी ठोकल्यात. बैल फिरनार कसा?" कैलासनं सांगितलं, बैल नाहीत, माणसं पळतात. आबांना ते पटलं नाही, पण काम मिळालं होतं, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही.

पिच मात्र असं केलं की बेडसे, सोमाटणे, कुठल्याही गावाला तसं पिच नव्हतं. बॉल सरळ यायचा, सरळ उसळायचा. फक्त त्याच्यावर बूट घालून पाय ठेवायला आबांची बंदी. आमची पोरं अनवाणी खेळायला शिकली. बाहेरच्या टीमा आधी हसायच्या, मग भांडायच्या, मग बूट काढायच्या, कारण आबा हातात चोपणं घेऊन स्टंपजवळ उभे असायचे. बॉलर धावत आला की ते म्हणायचे, "पाय दाव."

हळूहळू तक्रारी वाढल्या. कोणाला खडा टोचला, कोणाला काटा. एका टीमनं यायचंच बंद केलं. कैलासची पंचाईत झाली. एवढ्यात लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यानं आमच्या टीमला त्याच्याकडची जुनी हिरवी मॅट देऊन टाकली. मॅट अंथरली की बूट घालून खेळा, चपला घालून खेळा, काही प्रश्न नाही. ती गुंडाळी आमच्या पडवीत येऊन पडली आणि घरात दोन पक्ष झाले. आबा येता-जाता तिला पाय लावायचे. शेवटी कैलास म्हणाला, "आबा, ही टूर्नामेंट तुमच्या पिचवर. पण खड्डा पडला, एवढासा जरी पडला, तरी पुढच्या वेळेपासून मॅट."

आबा म्हणाले, "माज्या खळ्याला खड्डा पडला तर मी सोताच्या हातानं मॅट आंथरीन."

असं बोलायची काही गरज होती का? मॅट आली असती तर आबा पुन्हा रिकामे, आणि रिकामे आबा कोणी सांभाळायचे होते? आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आणि मी. आम्हा दोघींना कोणी विचारलंच नाही.

दोनच दिवसांत पिचला भोकं पडली.

बोट जाईल एवढी, गोल, एका टोकाला सात-आठ. आबांनी पहाटे बघितली आणि कोणाला कळायच्या आत बुजवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांनी आधी आमच्याच बॉलरवर संशय घेतला, मग मुंगसावर, मग सगळ्या बेडशावर. शेवटी उजाडायच्या आधीपासून खळ्याशेजारी खाट टाकून बसायला लागले. मला लोणावळ्याला कामावर जायचं असतं, तरी सकाळी माळावर चहा पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे पाय हलके.

अशीच चहा घेऊन गेले, तर आबा खाटेवर ताठ बसलेले आणि समोर पिचवर एक पक्षी. पाठ सोनेरी, डोक्यावर लाल तुरा, चोच खिळ्यासारखी. शेपूट जमिनीला टेकवून टुणटुण उड्या मारत होता, थांबत होता आणि आबांच्या खळ्यात ठक ठक ठक चोच मारत होता.

"सुतार पक्षी आहे हा," मी म्हटलं.

"सुतार लाकडावर आसतो," आबा म्हणाले. "ह्यो जिमिनीवर काय करतोय?"

मला काय माहीत तो काय करतोय. मी काय त्याची नातेवाईक आहे? आबांनी चोपणं उगारलं तसा तो उडाला आणि घोडा खिंकाळावा तसा मोठ्यानं हसत गेला. खरंच हसल्यासारखंच ओरडतो तो. आबांना ते फार लागलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आबांनी बुजगावणं केलं, त्याला कैलासची सात नंबरची जर्सी घातली. सुतार सकाळी येऊन आधी त्याच्या डोक्यावर बसायचा, चारी बाजूंना बघायचा, मग खाली उतरून जेवायला लागायचा. कैलासला जर्सीसाठी वेगळं दुःख झालं. मग आबांनी गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीडी दोरीला बांधल्या. मग कुठून तरी शेवरीचा वाळका ओंडका ओढत आणला आणि पिचपासून लांब उभा पुरला. म्हणाले, "त्याचं काम त्येला दिलं. आता त्यानं सुतारकी करावी."

सुतारानं ओंडक्याकडे ढुंकून बघितलं नाही.

मग मात्र आबांचा सूर बदलला. चहा घेऊन गेले की ते त्या पक्ष्याशी बोलताना सापडायचे. "काय रं, लाकडं संपली व्हय? यंत्र आलं का तुमच्यात पन?" सुतार मान तिरकी करून बघायचा आणि पुन्हा ठक ठक. आबा त्याला हाकलायचे, पण आता चोपण्यानं नाही, टॉवेलनं. आणि तेही त्याचं खाणं झाल्यावर. मग गुडघ्यावर बसून एकेक भोक ओल्या मातीनं बुजवायचे. मला दम दिला होता की कैलासला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. नवऱ्यापासून पक्षी लपवायची वेळ माझ्यावर यायची होती, आली.

त्याच सुमाराला घरात गूळ संपायला लागला. आई डबा उघडायच्या, ढेप अर्धी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात बिलिंगला बसते, दिवसभर गुळाच्या वासात. मी घरी येऊन गूळ खाईन का? पण आई म्हणाल्या, "सवय लागती माणसाला." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात गुळाच्या पोत्याला मुंग्या लागल्या. शेठ ओरडत होते आणि मी त्या मुंग्यांकडे बघत होते, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तशीच संध्याकाळी माळावर गेले. आबा पिचवर पाणी मारत होते. मी बादलीत बोट घातलं आणि चाटलं. गोड.

"आबा, हे काय आहे?"

आबांनी बादली पायामागे सरकवली. मग म्हणाले, "गूळपानी. माज्या बापाची रीत हाय. त्याबिगार माती धरत न्हाई."

म्हणजे आबांनी पिचला गूळ पाजायचा, गुळाला मुंग्या लागायच्या, मुंग्या पिचमध्ये घरं करायच्या, आणि त्या खायला सुतार झाडं सोडून खाली यायचा. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि तो आला की चोर म्हणून आरडाओरडा करायचा. मला इतका राग आला की हसूच यायला लागलं. आबांना समजावलं, गूळ बंद करा. ते म्हणाले, गूळ बंद केला तर खळं फुटणार. गूळ घातला तर सुतार खोदणार. रविवारी फायनल, बेडशाबरोबर, आणि पडवीत मॅट वाट बघतेय. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं.

युक्ती मीच दिली. जेवणाची पंगत दुसरीकडे हलवायची. शनिवारी आम्ही दोघांनी उरलेला सगळा गूळ पाण्यात कालवला आणि लांब बाउंड्रीजवळ गवतात ओतला. मुंग्या तिकडे जातील, मुंग्यांमागे सुतार. आबा खूश झाले. म्हणाले, "तुजं डोकं बी हलकं हाय." मी ते चांगल्या अर्थानं घेतलं.

रविवारी माळ भरला. हलगी आली, वडापावची गाडी आली. आबा मात्र कोणाशी बोलत नव्हते. मला वाटलं, धाकधूक असेल. अंपायर सोमाटण्याचे विठ्ठलभाऊ, जाड भिंगाचा चष्मा लावणारे, पण माणूस सरळ. बेडशाची पोरंही मुकाट्यानं अनवाणी झाली. आमच्या पट्टीवर एक नियम ठरलेला होता, बॉल खड्ड्यात पडला तर तो मोजायचा नाही, परत टाकायचा. आबांनी पिच करायला घेतल्यापासून तो नियम कधी लागला नव्हता.

शेवटची ओव्हर कैलासची. शेवटचा बॉल उरला, बेडशाला जिंकायला दोन पाहिजेत, समोर त्यांचा नथू, ज्याचा दंड माझ्या कमरेएवढा. कैलास धावत आला, बॉल टाकला. बॉल टप्पा पडला आणि उसळलाच नाही. उंदरासारखा जमिनीला चिकटून बॅटखालून गेला आणि स्टंप उडाला.

हलगी वाजली, पोरं नाचायला लागली, कैलासला खांद्यावर घेतला. मीही शिट्टी मारली, आई बघत होत्या तरी मारली. आणि नथू मात्र पिचवर उकिडवा बसून बोटानं दाखवत होता, "भाऊ, खड्डा हाय हितं."

"आत्ता पाडलास तू बॅटनं," कैलास वरूनच ओरडला.

विठ्ठलभाऊ वाकले, चष्मा वर केला, खाली केला. भोक होतं. पण आधीचं का आत्ताचं, हे त्यांना सांगता येईना. दोन्ही बाजूंचे लोक जमले, आवाज चढले. मग विठ्ठलभाऊ म्हणाले, "आबांना विचारा. खळं त्येंचं हाय. आबा म्हनत्याल ते खरं."

सगळा माळ आबांकडे वळला. भोक आधीचं नाही, असं त्यांनी म्हटलं असतं तर संपलं होतं. कप आमचा, पिच आबांचं, आणि मॅट पडवीतच कुजली असती. ते चपला काढून पिचवर आले. गुडघ्यावर बसले. भोकात बोट घातलं, ते पार मुळापर्यंत गेलं. त्यांनी एकदा वर कैलासकडे बघितलं.

"सकाळचा हाय," म्हणाले.

कैलास खांद्यावरून खाली उतरला. "मग बुजवला का नाही?"

"बुजवायलाच आलतो. त्यो खात व्हता."

"कोण?"

"सुतार."

लोकांना काही कळेना. बेडशाच्या टीममध्ये खरंच एक सुतारांचा पोरगा होता, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो बिचारा हात वर करून म्हणाला, मी काही खाल्लं नाही.

"पक्षी वो," आबा म्हणाले. "जेवत व्हता. जेवनाऱ्याला ताटावरनं उठवायचा कसा? त्याचं पोट भरंस्तवर तुमचा टॉस झालता. मंग मला खळ्यावर कोन जाऊ देतंय?"

कैलासचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. विठ्ठलभाऊंनी हात वर केला. बॉल परत.

परतचा बॉल नथूनं उंच टोलवला. तसा सोपा कॅच होता. बाउंड्रीला आमचा भिमाजी, ज्याच्या हातून आजवर कॅच सुटलेला नाही. तो बॉलकडे बघत मागे सरकत गेला, सरकत गेला, आणि जिथे आबांनी आणि मी गूळपाणी ओतलं होतं, बरोबर तिथे अनवाणी जाऊन उभा राहिला. एका पायावर नाचला, मग दुसऱ्या पायावर नाचला, मग दोन्ही हातांनी पोटऱ्या झटकायला लागला. बॉल त्याच्या शेजारी पडला. तेवढ्यात ओंडक्यावरून तो सुतार उडाला आणि हसत हसत सगळ्या माळावरून गेला. बेडशानं दोन रन पळून काढले.

युक्ती माझी होती हे कैलासला अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. आबा शब्दाचे पक्के. पुढच्या सुट्टीच्या सकाळी त्यांनी स्वतःच पडवीतली मॅट ओढून बाहेर काढली. "धर," एवढंच म्हणाले. पुढचं टोक कैलासच्या खांद्यावर, मागचं आबांच्या, आणि खिळे-हातोडा घेऊन मी मागे. मला रडू येत होतं, आणि एका चिखलाच्या पट्टीसाठी रडू येतंय याचा रागही येत होता.

पिचपाशी जाऊन कैलास एकदम थांबला. आबा गुंडाळीवर आपटता आपटता वाचले.

"काय झालं रं?"

"खातोय तो," कैलास म्हणाला.

सुतार पिचच्या मधोमध होता. ठक ठक, मग मान वर, मग पुन्हा ठक ठक. आम्हा तिघांकडे त्यानं बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून पुन्हा खायला लागला. मॅट जड होती. कैलासच्या मानेची शीर तटतटली होती, पण तो हलला नाही. हाकललंही नाही. त्या पक्ष्याला कसली घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं आबा मागून हळूच म्हणाले, "कैलास."

"काय?"

"खळ्यावर हायेस. पायतान काढ."

कैलासनं खांद्यावरची मॅट न सोडता एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी काढली. मग ते दोघं तसेच बाजूला सरकले आणि खांदे भरून आले म्हणून मॅट तिथेच, खळ्याशेजारच्या गवतात टाकली. मी खिळे दिले. तिथेच ती ठोकली.

आता टूर्नामेंट मॅटवर होतात, बूट घालून. शेजारच्या खळ्यावर कोणी खेळत नाही, तरी आबा ते रोज सारवतात. परवा कैलास कंपनीतून येताना गुळाची अख्खी ढेप घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. आईंनी ती उचलली, डब्याकडे गेल्या, थांबल्या, आणि बाहेर जाऊन आबांच्या चोपण्याशेजारी ठेवून आल्या.